कणकेतली मूठ

कणीक मळून परातीवर ताट झाकावं आणि जरा भाजी निवडायला बसावं, तर परतून बघते तो त्यातला एक गोळा गायब. आधी मला वाटायचं, मांजर असंल. पण मांजर काय परत नीट ताट झाकून जात नाय. आमच्या घरातला चोर झाकून जातो आणि वर विचारलं तर शांतपणे सांगतो, की गिऱ्हाईक आलंय.

हा चोर म्हणजे माझा नवरा, पुंडलिक. उखाणा घेऊन नाव सांगायचं माझं वय राह्यलं नाय, म्हणून सरळच सांगितलं. पडेगावात, दौलताबाद रोडच्या आतल्या अंगाला आमचं घर आहे आणि पुढच्या पत्र्याच्या खोलीत ह्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, लाकूड आवळून धरायचा एक शिकंजा, भिंतीला टांगलेल्या कानशी आणि जिथं पाय ठेवावा तिथं लाकडाचे तुकडे. हे चाकूच्या मुठी करतात. चाकू नाय, नुसत्या मुठी. असं सांगितलं की लोक पुढचं ऐकायला थांबतात, त्यांना वाटतं माझं बोलणं अर्धंच झालंय.

कंपनीत होते तेव्हा हे पॅटर्न शॉपला होते. लोखंडाचा ओतीव भाग करायचा तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करतात, वाळूत त्याचा ठसा घेतात आणि त्या ठशात रस ओततात. तो नमुना हे कोरायचे. पुढं ते काम मशिनीवर गेलं, ह्यांची नोकरीची वर्षंही भरली आणि हे घरी आले. घरी बसलेला माणूस काय करतो ते ज्या बायांनी भोगलंय त्यांना मी वेगळं सांगायला नको. माझं लाटणं मधे फुगीर नाय म्हणून त्यांनी ते घासलं. उलथन्याचा दांडा बदलला. शेजारच्या आवडाबाईच्या खुरप्याला नवी मूठ बसवून दिली, तिनं न मागता. घरातल्या धरायच्या सगळ्या वस्तू संपल्या आणि आता हे माझ्या हाताला धरून शिकंज्यात घालतेत की काय, अशी वेळ आली, तेवढ्यात अभय आला.

अभय माझ्या मावसबहिणीचा मुलगा. इंजिनिअर झाला, चांगली नोकरी लागली, ती सोडली आणि मुकुंदवाडीला शेड घेऊन लोखंड ठोकत बसला. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून तो पाती घडवतो. डोंगर चढणारी पोरं, जंगलखात्यातली माणसं, बागायतदार, असले लोक ते चाकू घेतात. तो त्याला आउटडोअर नाइफ म्हणतो, आमचे हे रानसुरी म्हणतात. त्यानं एक चाकू मोठ्या कौतुकानं दाखवायला आणला, तर ह्यांनी धार बघितलीच नाय. मूठ हातात धरली, डोळे मिटले, उगंच हवेत दोन घाव घातले आणि म्हणाले, अंगठ्याच्या बुडाला टोचतंय. पोराचं तोंड एवढंसं झालं. पण शहाणा निघाला, दुसऱ्या दिवशी नुसती पाती घेऊन आला. तवापासून पाती मुकुंदवाडीत होतात आणि मुठी पडेगावात.

आता ह्यांचं एक तत्त्व आहे, ते तुम्ही कधी आमच्या दारावरून गेलात तरी तुम्हाला ऐकायला लागंल. मूठ अशी पाहिजे की हाताला तिची आठवणच राहू नये. दिवसभर फांद्या तोडा, दोर कापा, काठी तासा, संध्याकाळी हाताला विचारलं तर हात म्हणाला पाहिजे, कुठली मूठ? मी एकदा म्हणलं, तुम्ही घरात असलात तर मला पण दिवसभर तुमची आठवण येत नाय, म्हणजे तुम्ही चांगला नवरा म्हणायचे का? त्यावर हे विचार करत बसले.

पण मूठ हाताला विसरायला लावायची तर आधी हात कळला पाहिजे, आणि तिथं माझी कणीक येते. ह्यांनी आधी शाडू वापरून बघितला. पण बाहेरगावाहून नीट कपडे करून आलेला माणूस शाडूला हात लावायला बिचकतो, बोटाच्या टोकांनी धरतो. कणकेला कुणी बिचकत नाय, ज्यानं त्यानं लहानपणी तिच्यात हात घालून आईचा मार खाल्लेला असतो. गिऱ्हाइकाच्या तळव्याला तेलाचं बोट लावायचं, मीठ घातलेला घट्ट गोळा त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, फांदी तोडायचीय असं समजून आवळा. तो गोळा सुपात घालून गच्चीवर वाळवायचा. माझे पापड एकीकडं आणि शहरातल्या भल्या भल्या माणसांच्या मुठी एकीकडं, अशी आमची गच्ची असते. एकदा सूप खाली अंगणात राहिलं, तर जंगलखात्यातल्या एका साहेबाची मूठ गाईनं खाल्ली. साहेबाला परत बोलवून दुसरी घेतली, पण कारण सांगायचं धाडस ह्यांना झालं नाय. थंडीनं आकसली, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

ठसा मिळाला की पात्याच्या शेपटीला दोन्हीकडून बाभळीच्या नायतर चिंचेच्या फळ्या चिकटवायच्या, पितळी रिबिटा ठोकायच्या आणि मग कानस. करंगळीपाशी बाक पाहिजे, म्हणजे चाकू हातातून निसटत नाय. तळव्याच्या खळग्यात भरायला पोट पाहिजे. कुठं धार नको, कुठं कोपरा नको. हे सगळं झालं की मुठीला गेरू चोळायचा आणि चाकू बायकोच्या हातात द्यायचा. मग मी भोपळा चिरायचा, सगळाच्या सगळा. तळवा उघडून दाखवायचा. जिथं गेरू जास्त लागला तिथं मूठ जास्त दाबती, तिथं पुन्हा घासायचं आणि पुन्हा नवा भोपळा. अभयला ऑर्डर किती आल्या हे मला कुणी सांगायला लागत नाय, आमच्या जेवणावरून कळतं. शेवटी जवसाचं तेल पाजतात, आणि मग मला मेथीची भाजी मिळते.

माणसाच्या तोंडाकडं हे बघतच नायत. मला बघायला आले तेव्हा मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले, तर ह्यांची नजर बशीच्या खालीच. घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, मुलगी कशी वाटली, तर म्हणाले, करंगळी लांब आहे. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आजही लग्नाकार्यातून आलं की नवरदेव काळा का गोरा हे मला विचारतात, आणि त्याची बोटं आखूड होती हे मला सांगतात. हात बघितला की मला माणूस कळतो, असं चारचौघांत सांगायची त्यांना भारी हौस. होती, असं म्हणायला पाहिजे आता.

आणि एक हट्ट. कणीक म्हणजे अन्न, तिला डावा हात लावायचा नाय. आपल्याकडं कुणाला काही द्यायचं घ्यायचं ते उजव्या हातानं, हे मलाही मान्य आहे, पण ह्यांचं त्याच्या पुढचं. डावखुरा कुणी आला तर त्याच्यासाठी शाडूचा वेगळा डबा. पण उजव्या हाताचा माणूस मोबाइल बघता बघता डावा हात पुढं करायचा, की हे शाळामास्तर व्हायचे. फोन ठेवा, उजवा द्या, अन्न आहे ते. भले भले निमूट ऐकायचे.

गेल्या हिवाळ्यात मंजुषा आली. दुपारची वेळ होती, हे लाकूड बघायला वखारीत गेलेले. पाचोडकडची, तिशीतली बाई. गाडीवर बसणाऱ्या मुली बांधतात तसा तोंडाला स्कार्फ, हातात उन्हाचे मोजे. कृषी प्रदर्शनात अभयकडून तिनं पातं पसंत केलं होतं, ते अभयनं आमच्याकडं आणून ठेवलेलंच होतं. मी तिला बसवलं, चहा दिला. स्कार्फ सोडल्यावर चेहरा एकदम बोलका निघाला, आणि मला काय, बोलणारं माणूस मिळालं की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात.

भावाची मोसंबीची बाग आहे म्हणाली. आधी ती इकडं एका कंपनीत कामाला होती, ते सुटलं, म्हणून माघारी गेली. तोडणी झाली की झाडावर वाळलेल्या बारक्या काड्या राहतात, त्याला सल म्हणतात. ते काढावं लागतं, नायतर झाड बहर धरत नाय. लहानपणी बापाबरोबर सल तीच काढायची. भावापेक्षा झपाझप. आता मात्र कामाला हात लावू देत नायत.

"वहिनी लई चांगली हाय, मावशी," ती म्हणाली. "ताट वाढून हातात देती. एक शब्द बोलत नाय. कप उचलून ठेवायला गेले तर पळत येऊन घेती. भांडली असती तर बरं झालं असतं. पाहुण्याशी कुणी भांडत नाय."

मला वाटलं, नवीन नवीन आली असंल म्हणून लाड चालले असतील. मी म्हणलं, थोडे दिवस खाऊन घे, आयतं कुणाला मिळतं? ती हसली. म्हणाली, हा चाकू झाला की मी सल काढणार. कुणी विचारायच्या आधी सकाळीच बागेत जाणार आणि एक ओळ करून मोकळी होणार. मग बघू कोण मला बस म्हणतंय. त्या हसण्यात तिचा किती जीव अडकला होता ते मला दिसलं. घरात राहून पाहुणं होणं कसं असतं, ते आम्हा बायांना फोड करून सांगायला लागत नाय.

मग हे आले, हातपाय धुऊन माझ्या परातीतला गोळा घेऊन बसले. तिनं डावा मोजा काढला आणि डावा हात पुढं केला. ह्यांनी विचारलं, डावखुरी आहेस का? ती खोटं बोलली नाय, नाही म्हणाली. दोन्ही हात सारखेच असतात काका, ह्याचाच घ्या, म्हणाली. झालं. शाळामास्तर सुरू झाले. अन्न आहे ते, उजवा दे. तिनं डावाच हात पुढं ठेवला. हे म्हणाले, मोजा काढायला कंटाळा आलाय व्हय, का हात मळलाय? मागं नळ आहे, धुऊन ये.

मी मागं भांड्याला बसले होते. ती आली आणि नळापाशी उभी राहिली. मोजा काढला, तर मोज्याची दोन बोटं तशीच ताठ राहिली, आत कापूस भरलेला. हाताला अंगठा होता, शेवटची दोन बोटं होती, आणि अंगठ्याशेजारची दोन नव्हती. कंपनीत प्रेसच्या मशिनीत गेली, एवढंच म्हणाली. तिनं नळ सोडला, हात खरंच धुतला, पुसला, मोजा पुन्हा चढवला. येते मावशी, म्हणाली आणि बोळातून परस्पर निघून गेली. मी राखेच्या हातानं दारापर्यंत पळाले, तोवर ती रिक्षात बसली होती.

आत हे गोळा हातात घेऊन वाट बघत बसलेले. हात धुवायला एवढा वेळ लागतो का, असं मलाच विचारलं. माझ्या नाकावरचा राग लवकर उतरत नाय हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, पण त्या दिवशी मला ओरडता आलं नाय. मी जे बघितलं ते सांगितलं. शिकंज्यात तिचं पातं लावलेलं होतं, हे त्याकडं बघत बसले. हातातली कणीक सुकून तिला भेगा पडल्या तरी खाली ठेवली नाय.

त्यानंतर माझ्या परातीतून गोळा गेला नाय. इतकी वर्षं त्या गोळ्यावरून मी भांडले, आणि आता मीच मळून झालं की एक बाजूला काढून ठेवायची. तो तिथंच राहायचा, मग मी त्याची पोळी करायची आणि ती कुणालाच जायची नाय. हात बघितला की माणूस कळतो, असं म्हणणाऱ्या माणसानं हात न बघताच माणूस घालवला होता. अभयनं तिला फोन केला. ती चांगलं बोलली, पातं दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणाली. अभयनं ते न्यायला हात पुढं केला, तर ह्यांनी पातं उशाखाली नेऊन ठेवलं. चाकूवर डोकं ठेवून झोपायला लागला माझा नवरा. मी म्हणलं, करा आता ह्या वयात दरोडे.

मग एक दिवस सकाळी उठून बघते, तर ह्यांनी स्वतःच्या उजव्या हाताची दोन बोटं दुमडून पट्टीनं बांधून टाकलेली. असंच राहायचं म्हणाले, म्हणजे कळंल. आणि राहिले की. चहाचा कप उपडा केला. सदऱ्याची गुंडी लावताना रडकुंडीला आले, पण मला लावू दिली नाय. गल्लीत बातमी गेली की पुंडलिकरावांच्या हाताला काहीतरी झालं, मग माणसं भेटायला यायला लागली. आवडाबाई पपई घेऊन आली. हे कुणाला खरं सांगेनात, काही नाय, काही नाय म्हणायचे, त्यामुळं लोकांना वाटायचं काहीतरी मोठंच झालंय. मला बोळात गाठून बाया हळू आवाजात विचारायच्या, डॉक्टर काय म्हणाले? मी म्हणायची, भोपळा द्या म्हणाले.

त्या बांधलेल्या हातानं त्यांनी चिंचेच्या लाकडाची मूठ केली. माझीही दोन बोटं बांधली, मीही भोपळे चिरले. जिथं बोटं नव्हती तिथं त्यांनी लाकडाचा छान गोल उंचवटा ठेवला, म्हणजे हात पोकळ लागू नये. तेल पाजलं, मूठ चकचकली. अभयनं ती बघून तोंडात बोट घातलं. आम्ही दोघं बीडच्या एसटीनं पाचोडला निघालो.

एसटीतलं सांगायला नको, पण सांगते. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, टॉवेलात काय आहे? ह्यांनी लगेच टॉवेल सोडला आणि मूठ त्याच्या हातात दिली, धरून बघा म्हणाले. म्हाताऱ्यानं मागच्याला दिली. आडूळ येईपर्यंत चाकू अर्ध्या गाडीत फिरला. शेवटी कंडक्टर आला आणि एवढा मोठा सुरा बघून त्याचा चेहरा उतरला. ह्यांनी त्यालाही धरायला लावला. मी खिडकीबाहेर बघत बसले, जणू काही ह्या माणसाची नि माझी ओळख नाय.

बाग रस्त्यापासून आत होती. मंजुषाची वहिनी मेघा दारातच भेटली, खरंच मायाळू बाई. लगेच पाणी, लगेच चहा. ट्रेमध्ये आमचे दोन कप आणि तिसरा मंजुषाचा, तो तिनं मंजुषाच्या डाव्या हातात अलगद ठेवला. मंजुषाचा उजवा हात ओढणीखाली. आम्हाला बघून तिचा चेहरा घट्ट झाला होता. हे मोसंबीवर बोलायला लागले. माती कशी आहे, पाणी कुठनं येतं. मी कोपरानं एक दिला, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

"बाई, त्या दिवशी माझं चुकलं," हे म्हणाले, आणि चाकू तिच्यासमोर ठेवला.

तिनं ओढणीतून हात काढला आणि मूठ धरली. एकदा धरली, फिरवून पुन्हा धरली. ह्यांचा जीव त्या हातात. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. तिला आवडली, असं मला वाटलंही. आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं, ते रागाचं होतं.

"काका, ही तुम्ही गेलेल्या बोटांची मूठ केली," ती म्हणाली. "राहिलेली बोटं माझी कुठं ठेवू?"

मग ती थांबलीच नाय. डॉक्टरनं सांगितलं हाताला जपा, भावानं सांगितलं बसून राहा, मोज्यात कापूस मी घालते तो बघणाऱ्याला त्रास नको म्हणून. आता चाकूत पण कापूस घालून आणलाय तुम्ही. ह्या उंचवट्यानं माझी करंगळी पोचत नाय. माझ्या हाताला जे नाय ते सगळ्यांना दिसतं, जे आहे ते कुणी बघत नाय. मेघा दारात खाली मान घालून उभी होती. मला वाटलं, उठावं आणि परतीची गाडी धरावी.

आमचे हे उठले नायत. पुढं सरकून बसले आणि तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. उलटा केला, सुलटा केला. दोन बोटं एकेक करून वाकवून बघितली, अंगठा दाबून बघितला, जिथं बोटं नव्हती तिथली कातडी बोटानं चाचपली. आरामात, दुसऱ्या कुणाचाही बघतात तसा. तिनं आधी हात ताठ धरला होता, मग तो सैल झाला. त्या हाताला इतका वेळ कुणी धरलं नसंल, असं मला वाटलं.

"करंगळीत लई जोर आहे तुझ्या," हे म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. "बादली तिच्यावरच उचलते."

हे मेघाकडं वळले आणि बाई, कणीक मळलीय का, असं विचारलं. पाहुण्यांच्या पोळ्यांसाठी मळून ठेवलेली परात ती बिचारी काही न कळता घेऊन आली. ह्यांनी गोळा तोडला. कुठल्या पण हातानं दे, म्हणाले. मंजुषानं उजवाच हात पुढं केला आणि सगळ्यांच्या समोर, उन्हात, दात आवळून मूठ दाबली. अंगठा वर आडवा, शेवटची दोन बोटं खोल रुतलेली. ह्यांनी तो गोळा डोळ्यापाशी धरला आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की आमच्या लग्नातल्या फोटोत पण तसा नाय.

पिशवीत कानशी होत्याच. हे एकवेळ चपला विसरतील. मोसंबीच्या झाडाखाली पोतं टाकून, चाकू दोन्ही गुडघ्यांत धरून त्यांनी तो सुंदर उंचवटा घासून टाकायला सुरुवात केली. मला वाईट वाटलं, दोन आठवड्यांच्या भोपळ्यांची ती कमाई होती. तिथं त्यांनी खोल उतार दिला, म्हणजे दोन बोटं मुठीला पूर्ण वेढा घालतील. वर अंगठ्याला टेकायला सपाट जागा केली. मेघानं कुंड्या रंगवून उरलेला गेरू आणून दिला. मंजुषानं काडी कापायची, तळवा दाखवायचा, ह्यांनी घासायचं. मधेच ती सांगायची, इथं नाय, अजून खाली. हे म्हणायचे, खाली घेतलं तर निसटंल. ती म्हणायची, नाय निसटत, हात माझा आहे. माझ्याशी वाद घालणाऱ्या माणसाला दुसरं कुणीतरी भेटलं, म्हणून मी निवांत मोसंबी सोलून खाल्ली.

ऊन कलायला लागलं तेव्हा तळवा उघडला, तर गेरू सगळीकडं सारखा. ह्यांनी चाकू पुसून तिच्या हातात दिला आणि पोत्यावरचा भुसा झटकत बसले. ती पहिल्या झाडापाशी गेली. वाळकी काडी धरायची डाव्या हातानं, उजव्यानं खटकन एक घाव. आधी हळू, मग चालच धरली. दुसऱ्या झाडावर गेली, तिसऱ्यावर गेली. तिचा भाऊ बांधावरून आला आणि राहू दे म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण मेघानं हातानंच त्याला थांबवलं. तिघं चौघं आम्ही नुसते उभे. मंजुषानं मागं वळून बघितलं नाय.

ओळ निम्मी झाली असंल. मेघा दोन पावलं पुढं गेली, कमरेवर हात ठेवले आणि बागेत घुमंल अशा आवाजात म्हणाली, "अगं ए, त्या खालच्या फांदीचं सल कुणी काढायचं? उगं वरवर हात मारत चाललीस ती."

मंजुषा जागच्या जागी थांबली. पाठ आमच्याकडंच होती, खांदे तेवढे हलले. मग तिनं ओढणीनं तोंड पुसलं, मागं आली, त्या फांदीखाली वाकली आणि तिथूनच ओरडली, "दिसतंय मला. तू आधी तुझ्या पोळ्या बघ, ह्या माणसांनी उपाशी जायचं का?"

ह्यांचं सगळं लक्ष चाकूकडं. मला हळूच विचारलं, काय म्हणली ती, मूठ टोचती म्हणली का?

मी म्हणलं, अहो, तिची वहिनी तिला रागवली.

"मग?" हे म्हणाले.

मी पदरानं डोळे पुसले आणि म्हणलं, मग काय, चला आत, पोळ्या लाटू लागते मी तिला.